वाचकांचे प्रश्न : जुन्या टायरचा चुरा साच्यातल्या रबरात किती आणि कुठे?

या महिन्यात वसई, भिवंडी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान रबर कारखान्यांतून आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. जुन्या टायरपासून केलेला क्रंब (दळलेला चुरा) आणि रिक्लेम (तो चुरा शिजवून मऊ केलेले रबर) बाजारात सहज मिळू लागले आहे, व्यापारी दाराशी नमुने घेऊन येत आहेत, आणि साच्यात दाबून काढायच्या मालात ते कितपत वापरावे हे नेमके सांगणारे कोणी भेटत नाही, अशी बहुतेकांची तक्रार आहे. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : वसईजवळ वालीव येथे आमचा छोटा कारखाना असून दोन रोलची एक मिल आणि चार प्रेस आहेत. आम्ही पायपुसणी, ट्रकच्या चाकाखाली लावायचे ठोकळे आणि यंत्राखाली ठेवायचे पॅड तयार करतो. एक व्यापारी आमच्या तयार कंपाउंडच्या (रबर, गंधक, तेल, भुकटी यांच्या मिश्रणाच्या) निम्म्याहून कमी भावात ४० मेशचा, म्हणजे त्या आकड्याच्या चाळणीतून गाळलेला, टायर क्रंब देऊ करत आहे. तो किती टक्के घालावा?

उत्तर : आपण तीन वस्तूंची नावे दिली आहेत आणि टक्का मात्र एकच विचारला आहे. अडचण तिथेच सुरू होते. व्यापारी सांगेल तो आकडा त्याच्या पोत्यांच्या हिशेबातला असतो. आपला आकडा वस्तूला काय सोसावे लागणार आहे यावरून ठरला पाहिजे.

क्रंब म्हणजे एकदा पूर्ण क्युअर झालेले, म्हणजे गंधक आणि उष्णतेने पक्के झालेले रबर. भाकरीचा चुरा पुन्हा पिठात मळला तरी त्याचे पीठ होत नाही, तसेच हे आहे. नव्या कंपाउंडमध्ये क्रंबचा कण विरघळत नाही, वितळत नाही; तो कण म्हणूनच राहतो आणि भोवतालचे नवे रबर त्याच्या पृष्ठभागाला जेवढे धरील तेवढीच त्यांची जोडणी होते. माल ताणला गेला की ही जोडणी प्रथम सुटते आणि त्या जागेतून भेग निघते. त्यामुळे क्रंबचे प्रमाण वाढत जाईल तशी ताणशक्ती, तुटेपर्यंतची लांबण आणि फाटण्याला होणारा विरोध ही तिन्ही घटतात. वारंवार वाकणाऱ्या मालाचे आयुष्य तर याहूनही लवकर कमी होते. हार्डनेसमध्ये मात्र फारसा फरक दिसत नाही, आणि कारखान्यात रोज हातात असलेले माप तेवढे एकच असल्यामुळे सारे ठीक आहे असा समज होतो. हार्डनेस मोजणारा शोअरचा काटा ६५ दाखवतो म्हणून कंपाउंड पूर्वीचेच आहे, असे कृपया समजू नका.

चाकाखालचा ठोकळा जाड असतो आणि त्याला मुख्यतः दाब सोसावा लागतो. ताण जवळजवळ नसतोच. अशा मालात वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत ४० मेशचा क्रंब घालून चाचणीला सुरुवात करण्यास माझी हरकत नाही. पायपुसण्याची कड पातळ असते, ती ओढली जाते आणि साच्यातून काढताना तिथेच फाटते, म्हणून तिथे १५ टक्क्यांच्या आसपास थांबून आधी फाटण्याची चाचणी घ्यावी. यंत्राखालच्या पॅडवर सतत भार असतो. त्याची उंची कायमची किती बसते यावर ग्राहकाचे समाधान अवलंबून असते आणि क्रंबने हे बसणे वाढते. तिथे १० टक्क्यांच्या आत राहावे आणि क्रंब ८० मेशचा घ्यावा. हे आकडे चाचणी कुठून सुरू करावी एवढेच सांगतात. ग्राहकाला शब्द देण्याआधी स्वतःच्या मालाची चाचणी होणे आवश्यक आहे.

मेशविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण पोत्यावरचा आकडा पुष्कळदा न समजता वाचला जातो. ३० मेशच्या चाळणीचे छिद्र साधारण ६०० मायक्रॉन असते, ४० मेशचे ४२५ आणि ८० मेशचे १८०. म्हणजे ४० मेशचा कण जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा असू शकतो. दोन मिलिमीटर जाडीच्या कडेत असे कण एकावर एक आले तर तेवढ्या जागी नवे रबर उरतेच किती, याचा विचार करावा. बारीक कणाने गुणधर्म कमी ढासळतात आणि पृष्ठभाग नीट येतो, पण दळण्याचा खर्च वाढत असल्याने भावही चढतो.

दळण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. साध्या तापमानाला रोलवर फाडून केलेला कण खडबडीत असतो, त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि नवे रबर त्याला बरे धरते. द्रव नायट्रोजनमध्ये रबर काचेसारखे ठिसूळ करून फोडलेला कण गुळगुळीत व स्वच्छ असतो आणि कंपाउंडच्या वाहण्याला कमी अडथळा करतो, परंतु त्याची पकड कमी असते. आपल्या बाजारात मिळणारा बहुतेक माल पहिल्या प्रकारचा आहे आणि आपल्या कामाला तोच योग्य आहे.

क्रंबचा एक लाभ व्यापारी क्वचितच सांगतात. प्रेस बंद होताना साच्यात अडकलेली हवा क्रंबयुक्त कंपाउंडमधून लवकर बाहेर पडते. जाड ठोकळ्यात हवेचे फोड आणि अर्धवट भरलेले कोपरे यांमुळे होणारे वेस्टेज काही वेळा एवढ्याने कमी होते. माल साच्यातून काढल्यावर आकसण्याचे प्रमाणही थोडे घटते. तेव्हा साचा जुना आणि मापे काटेकोर असतील तर ती पुन्हा तपासून पाहावीत.

प्रश्न : प्लास्टिकप्रमाणे जुना टायर वितळवून पुन्हा नवे रबर का करता येत नाही? रिक्लेम म्हणजे तेच नव्हे का? (माटुंगा येथील एक विद्यार्थिनी)

उत्तर : चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या योगाने चिकट रबर टिकाऊ केले, तेव्हापासून आपण रबराच्या लांब साखळ्यांना गंधकाच्या पुलांनी एकमेकींशी बांधत आलो आहोत. हे पूल नसल्यामुळे पॉलिथिलीन तापवल्यावर त्याच्या साखळ्या एकमेकींवरून घसरू शकतात. टायरमध्ये सर्व साखळ्या मिळून एकच जाळे झालेले असते, म्हणून तो तापवला तर वितळत नाही, जळतो किंवा त्याचे विघटन होते.

मग नेमके पूल तेवढे तोडावेत आणि साखळी शाबूत ठेवावी, हा विचार साहजिक आहे. अडचण अशी की, गंधक-गंधक बंध तोडण्यास मोलमागे सुमारे २७० किलोज्यूल ऊर्जा लागते, कार्बन-गंधक बंधास सुमारे २८५ आणि साखळीतल्या कार्बन-कार्बन बंधास सुमारे ३४५. हे अंतर इतके थोडे आहे की, नुसत्या उष्णतेने पूल तोडायला गेल्यास साखळ्याही तुटतात. रिक्लेमच्या कारखान्यात चुऱ्याला तेल आणि डायसल्फाइडसारखी रसायने लावून तो दाबाच्या वाफेत शिजवतात आणि मग अगदी जवळ लावलेल्या रोलमधून दळतात. त्यामुळे काही पूल तुटतात, काही साखळ्या आखूड होतात आणि उरलेले जाळ्याचे तुकडे मऊ पदार्थात विखुरले जातात. म्हणून रिक्लेम मिलवर पट्टा धरते, गंधक घातल्यावर पुन्हा क्युअर होते, पण ते मूळचे रबर नव्हे. नैसर्गिक रबराचे चांगले कंपाउंड २० मेगापास्कलहून अधिक ताण सहज सोसते. संपूर्ण टायरच्या रिक्लेमकडून एकट्याने त्याच्या चौथाईची अपेक्षाही जरा जास्तच म्हणावी लागेल.

हा व्यवसाय नवा नाही. वाफेने शिजवण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट हायरम हॉल यांना १८५८ मध्येच मिळाले होते, म्हणजे डनलॉप यांच्या हवा भरलेल्या टायरच्या ३० वर्षे आधी. तेव्हा जुने बूट शिजवत असत. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील मळे जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेला भंगार रबराची मोठी आठवण झाली; पुढे स्वस्त कृत्रिम रबर आले आणि पोलादी पट्ट्यांच्या रेडियल टायरमुळे चुरा काढणे अवघड झाले, तसा तिकडे या धंद्याचा जोर ओसरला.

प्रश्न : क्रंब घातल्यापासून आमचे कंपाउंड मिलवरच वेळेआधी क्युअर होऊ लागते, म्हणजे स्कॉर्च होते, आणि तरीही प्रेसमधून निघालेला माल मऊ व कच्चा वाटतो. या दोन तक्रारी एकाच वेळी कशा असू शकतात? (भिवंडी)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. क्रंबचा कण घन असला तरी बंद नाही. लहान रेणू त्याच्या आतबाहेर ये-जा करू शकतात. टायर तयार करताना घातलेल्या, क्युअरिंगचा वेग वाढवणाऱ्या अॅक्सिलरेटरचे अवशेष क्रंबमध्ये शिल्लक असतात. ते मिलच्या उष्णतेने बाहेर येऊन नव्या रबरात उतरतात आणि क्युअरिंगची सुरुवात अलीकडे खेचतात. उलट बाजूने, क्रंबमधला मोकळा गंधक पहिल्या क्युअरिंगमध्ये संपलेला असल्यामुळे आपण नव्या रबरासाठी घातलेला गंधक थोडा थोडा क्रंबमध्ये शिरतो. परिणामी सुरुवात लवकर होते, पण नव्या रबराच्या वाट्याला गंधक कमी येतो आणि त्यात पूल कमी बनतात. क्युअरिंग कसे होत जाते ते मोजणाऱ्या रिओमीटरच्या आलेखावर हे स्पष्ट दिसते : वक्र लवकर वर वळतो आणि पूर्वीपेक्षा कमी उंचीवर थांबतो.

अशा वेळी बहुतेक जण प्रेसचा वेळ वाढवतात. तो पहिला उपाय असू नये. कमी पडलेला गंधक वेळ वाढवून भरून येत नाही, आणि नैसर्गिक रबर अधिक तापमानाला जास्त वेळ ठेवले तर झालेले पूलही तुटू लागतात; मग माल आणखी मऊ होतो आणि वेळ आणखी वाढवला जातो.

गंधकाचा हिशेब नव्याने करावा. समजा, १०० भाग रबराला आपण २ भाग गंधक घालता आणि आता ४० भाग क्रंब टाकता. टायर क्रंबमध्ये प्रत्यक्ष रबर साधारण निम्मे असते, बाकी कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी), तेल, झिंक ऑक्साइड वगैरे. म्हणजे २० भाग रबर वाढले, असे धरून गंधक १२० भागांच्या प्रमाणात, म्हणजे २.४ भाग करावा आणि तिथून चाचणी सुरू करावी. स्कॉर्चसाठी वेगळ्या बॅचमध्ये अॅक्सिलरेटर किंचित कमी करावा किंवा स्कॉर्च रोखणारे रिटार्डर ०.१ ते ०.२ भाग घालावे. दोन्ही गोष्टी एकाच बॅचमध्ये बदलू नका, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही. गंधक आणि अॅक्सिलरेटर सर्वांत शेवटी, कंपाउंड थंड झाल्यावर घालण्याचा जुना नियम क्रंब आल्यापासून अधिकच कडक पाळला पाहिजे. क्रंब मात्र सुरुवातीला, रबराचा पट्टा रोलवर बसल्याबरोबर, तेलासह घालावा. तो तेल पितो आणि उशिरा घातला तर कंपाउंड कोरडे व चरचरीत राहते.

आपल्याकडे रिओमीटर नसेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आयआरएमआरआय (पूर्वीची आयआरएमआरए) ही रबर संशोधन संस्था आहे आणि तिथे उद्योगांना नमुने तपासून मिळतात. दोन बॅचचे आलेख काढून घेण्याचा खर्च एका बिघडलेल्या पाळीच्या नुकसानीपेक्षा बहुधा कमीच असतो.

प्रश्न : क्रंब स्वस्त असूनही महिनाअखेरीस बचत दिसत नाही. हिशेब कसा करावा?

उत्तर : आपण किलोचा भाव पाहत आहात, पण साचा भरतो तो आकारमानाने. लिटरचा भाव काढल्याशिवाय रबराच्या कंपाउंडमधली बचत कळत नाही.

समजण्यासाठी काही भाव धरू. खडूची भुकटी भरपूर घातलेल्या आपल्या कंपाउंडची विशिष्ट घनता १.५० आणि भाव किलोला ९० रुपये असेल, तर लिटरला १३५ रुपये पडतात. क्रंबची घनता १.१५ आणि भाव ४० रुपये असेल, तर त्याचा लिटर ४६ रुपयांना पडतो. वजनाने ७० टक्के कंपाउंड आणि ३० टक्के क्रंब मिसळल्यास किलोचा भाव ७५ रुपये होतो, म्हणजे बचत १७ टक्क्यांच्या आसपास दिसते. पण मिश्रणाची घनता १.३७ वर येते आणि लिटर सुमारे १०३ रुपयांना पडतो. साचा तोच असल्यामुळे प्रत्येक नगामागची खरी बचत २४ टक्क्यांच्या जवळ जाते. इथवर सारे क्रंबच्या बाजूने आहे.

आता उलट बाजू. एक लिटरचा तोच साचा भरणारा नग दीड किलोऐवजी १३७० ग्रॅमचा निघतो. आपण माल नगावर विकत असाल तर हा लाभ आपला. किलोवर विकत असाल, आणि मुंबईच्या घाऊक बाजारात जड पायपुसणी अजूनही वजनावर जातात, तर लाभाचा मोठा भाग तिथेच सुटतो. दुसरे असे की खडूची भुकटी किलोला १२ रुपयांना मिळाली तर घनता २.७ धरूनही तिचा लिटर ३२ रुपयांना पडतो, म्हणजे ती क्रंबपेक्षा स्वस्तच आहे. म्हणून क्रंब खडूच्या जागी घालून पैसे वाचत नाहीत. तो रबर, कार्बन ब्लॅक आणि तेल यांच्या जागी घातला तरच वाचतात. खडू काढून क्रंब घातल्यास मालाचा दर्जा सुधारू शकतो, ही गोष्ट निराळी.

यातून वाढीव गंधक, मिलवरचा जादा वेळ, घट्ट कंपाउंडमुळे लागणारी जादा वीज आणि नापास नग वजा करावेत. महिनाअखेरीस बचत दिसत नाही याचे कारण माझ्या अंदाजाने या शेवटच्या रकान्यात सापडेल.

कारखान्यात निघणारा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या कडेने बाहेर आलेले जादा रबर, पोत्यांत भरून भंगारवाल्याला देणाऱ्यांचे मला नवल वाटते. तो आपल्याच कंपाउंडचा आहे, त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, लोखंड आणि सुताचा प्रश्न नाही. तो बारीक दळून त्याच कंपाउंडमध्ये ५ ते १० टक्के परत घालणे हा बाहेरून आणलेल्या कोणत्याही क्रंबपेक्षा कमी धोक्याचा मार्ग आहे. मात्र नायट्राइल व ईपीडीएम ही कृत्रिम रबरे आणि नैसर्गिक रबर यांचा फ्लॅश एकाच पोत्यात जात असेल तर हे सारे विसरावे.

प्रश्न : आमच्या फॉर्म्युल्यात २० भाग नव्या रबराच्या जागी २० भाग रिक्लेम घातले, तर हार्डनेस वाढून लांबण घटली. रिक्लेमच निकृष्ट असावे काय? (रबाळे)

उत्तर : असेलही, पण आधी आपला बदल पाहू. २० भाग रिक्लेममध्ये २० भाग रबर नसते. संपूर्ण टायरच्या रिक्लेममध्ये रबर साधारण निम्मे असते. उरलेल्यात कार्बन ब्लॅक पावभागापेक्षा थोडे अधिक, तेलासारखे अॅसिटोनमध्ये उतरणारे पदार्थ आणि राख येते. आपण १० भाग रबर कमी केले आणि कार्बन ब्लॅक मात्र नकळत वाढवले.

२० भाग रबर काढायचे असेल तर ४० भाग रिक्लेम घ्यावे लागेल. त्यासोबत ११ भाग कार्बन ब्लॅक आणि ६ भागांच्या आसपास तेलकट पदार्थ येतील, असे धरू. मूळ फॉर्म्युला १०० भाग रबर, ५० भाग ब्लॅक, ८ भाग तेल असा असेल, तर नवा ८० भाग रबर, ४० भाग रिक्लेम, ३९ भाग ब्लॅक आणि २ भाग तेल असा मांडावा. अॅसिटोनमध्ये उतरणारे सगळेच तेल नसते, त्यामुळे तेल एकदोन भागांनी पुढेमागे करावे लागेल. पुरवठादाराकडून प्रत्येक लॉटचे रबराचे प्रमाण, अॅसिटोन अर्क, राख आणि मूनी चिकटपणा (कच्चे रबर वाहण्याला किती विरोध करते त्याचे माप) यांचे लेखी आकडे मागून घ्यावेत. ते द्यायला तो तयार नसेल तर निकृष्टतेच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले.

क्रंब की रिक्लेम, असेही या पत्रात विचारले आहे. पातळ, नक्षीदार किंवा बारीक वाटेतून साच्यात शिरणाऱ्या मालाला रिक्लेम बरे, कारण ते वाहते, मिलवर वेळ आणि वीज वाचवते व कंपाउंडचा ताठरपणा कमी करते. जाड, साध्या आकाराच्या मालाला क्रंब पुरे. ठोकळ्यासारख्या मालात दोन्ही एकत्र घालणारे कारखाने आहेत आणि ती जोडी वाईट नाही. रिक्लेम क्रंबच्या कणांना धरून ठेवण्यास मदत करते.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये ठीक निघणारा माल जुलैपासून आतून सच्छिद्र निघतो. कंपाउंड तेच, प्रेस तीच.

उत्तर : पोती कुठे ठेवली आहेत ते पाहा. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या तोंडाच्या पोत्यातला क्रंब दमट होतो. शिवाय काही पुरवठादार दळताना गारव्यासाठी पाणी मारतात आणि पुरेसे वाळवत नाहीत. १५० अंश सेल्सियसला हा ओलावा वाफ होतो आणि प्रेस उघडताच जाड मालाच्या पोटात फुगतो. ओलावा वजनाच्या एक टक्क्याच्या आत हवा. १०० ग्रॅम क्रंब ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पाहणे एवढीच चाचणी आहे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि तोंडे बांधून ठेवावीत. परंतु नुकताच दळलेला गरम क्रंब ढीग करून साठवू नका. तो आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो.

माल घेताना एवढे करावे : मूठभर क्रंब कागदावर पसरून त्यावरून चुंबक फिरवावे, म्हणजे पोलादाची तार कळते, तो चाळणीवर घासावा, म्हणजे सुताचे गोळे वर राहतात. बारीक क्रंबमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडी टाल्क किंवा खडूची भुकटी घालतातच, पण घनता १.२ च्या पुढे गेली तर ती वजन वाढवण्यासाठीच घातली आहे असे समजावे. खात्रीचा क्रंब हवा असेल तर रीट्रेडिंगच्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा थर चढवणाऱ्या कारखान्यातील ट्रकच्या टायरचा बफिंग चुरा (घासून निघालेला चुरा) शोधावा. तो फक्त ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या थराचा असल्याने त्यात तार आणि सूत नसते, आणि ट्रकच्या ट्रेडमध्ये नैसर्गिक रबराचे प्रमाण मोटारीच्या टायरपेक्षा जास्त असते. वर्गीकरण आणि कणांची चाळणी यांसाठी अनुक्रमे एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी ५६०३ आणि डी ५६४४ ही मानके प्रचलित आहेत; खरेदीच्या कागदावर त्यांचा उल्लेख केला तर पुढचे वाद कमी होतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या बागेत मुलांसाठी काळ्या रबरी लाद्या बसवल्या आहेत. उन्हात त्यांना टायरसारखा वास येतो. मुलांना त्यापासून अपाय आहे काय? (मुलुंड येथील एक गृहिणी)

उत्तर : या लाद्या वर सांगितलेल्या पद्धतीने, गंधकाने क्युअर केलेल्या नसतात, टायरचे जाडसर दाणे पॉलियुरेथेनच्या बाइंडरने चिकटवून त्या दाबल्या जातात. वास टायरमधील तेलांचा आणि रसायनांचा आहे. बंदिस्त जागेत तो जास्त जाणवतो, उघड्यावर काही महिन्यांत कमी होतो. मैदानांवर टाकल्या जाणाऱ्या अशा दाण्यांचा अभ्यास करून युरोपीय रसायन संस्थेने २०१७ मध्ये असा निष्कर्ष काढला की, त्यापासून चिंतेचे प्रमाण असलेच तर अत्यंत कमी आहे. खेळून आल्यावर हात धुणे आणि दाणे तोंडात जाऊ न देणे, एवढी काळजी घ्यावी, असेही सुचवले. रांगणाऱ्या बाळाला मात्र अशा लादीवर सोडू नये असे मी म्हणेन. मे महिन्याच्या दुपारी काळी लादी अनवाणी पायाला पोळते, हा त्रास वासापेक्षा अधिक खरा आहे. कडेने दाणे सुटू लागले असतील तर बाइंडर कमी पडला आहे. ठेकेदाराकडून लादी बदलून घ्यावी.

प्रश्न : कोणत्या मालात टायरचे रबर मुळीच घालू नये? आमच्याकडे विजेच्या पॅनेलसमोरची मॅट, पुलाचे बेअरिंग, तेलाचे सील आणि युरोपात जाणाऱ्या हातोडीच्या मुठी अशा चार चौकश्या आल्या आहेत.

उत्तर : विजेच्या मॅटमध्ये मुळीच नाही. टायरमधले कार्बन ब्लॅक वीज वाहून नेते आणि चुकून राहिलेली एक तारही प्राणघातक ठरू शकते. या मॅटसाठी आयएस १५६५२ हे भारतीय मानक आहे. त्याची चाचणी उत्तीर्ण न करता माल देऊ नये.

पुलाच्या बेअरिंगबाबत निवडीला वावच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ८३ च्या दुसऱ्या भागात क्लोरोप्रीन रबरच वापरावे आणि रिक्लेम किंवा क्युअर झालेल्या रबराचा भंगार चुरा वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तेलाचे सील नायट्राइलचे असते. टायरचे रबर तेलात फुगते, त्यामुळे त्याचा एक कणही त्यात दोषच ठरेल. गंधकाऐवजी पेरॉक्साइडने क्युअर होणाऱ्या कंपाउंडमध्येही टायरमधला गंधक आणि इतर रसायने अडथळा आणतात, हे यानिमित्ताने लक्षात ठेवावे.

हातोडीच्या मुठीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मूठ वारंवार त्वचेला लागते. अशा वस्तूंच्या रबरी भागांत आठ ठराविक बहुचक्रीय अॅरोमॅटिक हायड्रोकार्बनपैकी (पीएएच; कर्करोगाचा धोका असलेली संयुगे) प्रत्येकाचे प्रमाण किलोला १ मिलिग्रॅमच्या आत असावे, असे बंधन युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून घातले आहे. खेळण्यांसाठी मर्यादा अर्धा मिलिग्रॅम आहे. ही संयुगे टायरमधल्या जुन्या पद्धतीच्या अॅरोमॅटिक तेलातून आणि काही प्रमाणात कार्बन ब्लॅकमधून येतात. युरोपने टायरमधल्या तेलावर २०१० पासून मर्यादा घातली असली, तरी आपल्याकडे चुरा होणारा टायर कोणत्या देशाचा, कोणत्या वर्षाचा हे पोत्यावरून कळत नाही. प्रत्येक लॉटची चाचणी करून घेण्याची तयारी असेल तर प्रयत्न करता येईल, पण मुठीतल्या रबराची किंमत आणि चाचणीची फी यांचा मेळ बसणार नाही. तिथे नवे रबर आणि कमी अॅरोमॅटिक तेलच वापरावे. त्याच ग्राहकाला हत्यारांची पेटी ठेवण्यासाठी मॅट हवी असेल आणि तिला रोज हात लागत नसेल, तर क्रंबचा विचार तिथे करावा. मात्र मॅट त्या बंधनाच्या बाहेर राहते हे आधी ग्राहकाकडून लेखी घ्यावे, आणि टायरमधली रसायने फिकट फरशीवर व रंगवलेल्या लाकडावर तपकिरी डाग पाडतात, याची सूचना मालासोबत द्यावी.